मराठी कानाने एवे भाषा शिकताना

पश्चिम आफ्रिकेत घानाचा आग्नेय कोपरा आणि त्याला लागून असलेला टोगोचा दक्षिण भाग, म्हणजे स्थूलमानाने व्होल्टा नदीपासून मोनो नदीपर्यंतचा पट्टा, हा एवे भाषेचा प्रदेश आहे. या भाषेची जी व्याकरणे आणि पाठ्यपुस्तके मिळतात ती मुख्यतः जर्मन, इंग्रजी किंवा फ्रेंच जाणणाऱ्या वाचकासाठी लिहिलेली असल्यामुळे त्यांतल्या धोक्याच्या पाट्या मराठी माणसाच्या दृष्टीने भलत्याच ठिकाणी लावलेल्या असतात. ‘द’ आणि ‘ड’ यांतला भेद समजावण्यासाठी तिथे दोन-दोन पाने खर्ची पडलेली दिसतात, जो भेद आपल्याकडे बालवाडीतल्या मुलालाही शिकवावा लागत नाही. आणि ज्या ठिकाणी मराठी कान हमखास फसतो, तिथे ती पुस्तके एका ओळीत पुढे जातात. म्हणून एवे शिकू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी, कुठे रेंगाळावे आणि कुठे न थांबता पुढे जावे, हे येथे सांगण्याचा विचार आहे.

एक खुलासा आधीच करायला हवा. एवेचे लेखन रोमन लिपीत आणि काही खास अक्षरांच्या साहाय्याने होते, परंतु येथे सर्व शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यासाठी पुढील संकेत पाळले आहेत. ‘च’ आणि ‘ज’ नेहमी ‘चावी’ व ‘जागा’ या शब्दांतल्यासारखे वाचावेत, पुढे ‘ई’ आली तरीसुद्धा. ‘ज़’, ‘ख़’ आणि ‘ग़’ यांखालचा नुक्ता हवेचे घर्षण दाखवतो. ‘फ़’ आणि ‘व़’ हे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून उच्चारायचे, तर नुक्ता नसलेला ‘फ’ आणि ‘व्ह’ हे केवळ दोन ओठांतून. नुसता ‘व’ हा ‘ज्वारी’ किंवा ‘स्वाद’ यांतल्या गोल ओठांच्या ‘व’सारखा. ‘ऑ’ हा उघडा ओकार आणि चंद्रबिंदू म्हणजे नाकातून काढलेला स्वर. भाषेचे नाव या संकेतानुसार खरे तर ‘एव्हे’ असे लिहायला हवे, पण रूढ झालेले ‘एवे’ हेच रूप येथे ठेवले आहे.

आधी बोली ठरवा

एवेचा अभ्यास शब्दसंग्रहापासून किंवा वर्णमालेपासून सुरू करू नये. तो आपण कोणाची एवे शिकणार आहोत या प्रश्नापासून सुरू करावा. समुद्रकिनाऱ्यावरच्या केटा आणि आन्लोगा या गावांच्या परिसरात बोलली जाते ती आन्लो बोली, व्होल्टाच्या खालच्या खोऱ्यातली ती टोन्गू, आणि क्पांडो, पेकी, ‘हो’ या अंतर्भागातल्या गावांच्या बोली हा तिसरा गट. अंतर्भागात जवळजवळ प्रत्येक गावाची लकब निराळी असते. टोगोमध्ये क्पालिमे आणि चेव्हिये या भागांत आणखी छटा आढळतात. राजधानी लोमे शहरात मात्र रोजच्या व्यवहारात मीना किंवा गेन या नावाने ओळखली जाणारी भाषा चालते, जी एवेची सख्खी बहीण आहे आणि एवेत बेमालूम मिसळते. लोमेच्या बाजारात शिकलेले वाक्य घानातल्या हो गावी समजेल, पण ते कुठून आले हेही लगेच ओळखले जाईल.

एवे, गेन, आजा आणि बेनिनमधील फॉन या भाषा मिळून एक सलग साखळी बनते. बेनिनचे भाषाशास्त्रज्ञ कापो यांनी या साखळीला ‘ग्बे’ हे नाव सुचवले, कारण या सर्व भाषांत ‘ग्बे’ या शब्दाचा अर्थ वाणी किंवा भाषा असा होतो. एवे लोक स्वतःच्या भाषेला ‘एव्हेग्बे’ म्हणतात. या साखळीत शेजारच्या दोन कड्या एकमेकींना समजतात आणि दूरच्या कड्या परक्या वाटतात. तेव्हा कोणी फॉनचे ध्वनिमुद्रण एवे म्हणून हातात ठेवले, तर ते बाजूला ठेवावे.

पुस्तकांत जी प्रमाण एवे दिसते ती कोणाचीच तंतोतंत मातृबोली नाही. ब्रेमेनच्या जर्मन मिशनचे धर्मोपदेशक १८४७ मध्ये पेकी येथे पोहोचले, पुढे किनाऱ्यावर त्यांनी ठाणी उभारली, आणि १८५७ मध्ये बेर्नहार्ड श्लेगेल यांचे एवेचे पहिले मोठे व्याकरण छापले गेले. त्यानंतर याच मिशनमधून आलेले डीडरिख वेस्टरमान यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शब्दकोश आणि १९०७ मध्ये व्याकरण प्रसिद्ध केले, आणि आजही एवेवरचे गंभीर लेखन त्यांना वळसा घालून पुढे जात नाही. या छापील भाषेचा पाया आन्लो बोलीचा आहे, पण तिच्यात अंतर्भागातल्या बोलींची रूपे जाणीवपूर्वक मिसळलेली आहेत. त्यामुळे आन्लोचा माणूस छापील मजकूर मोठ्याने वाचताना कित्येक ठिकाणी लिहिलेले एक आणि उच्चारलेले दुसरे, असे करतो.

याचे एक उदाहरण मराठी वाचकाला विशेष रुचेल. झाड या अर्थाचा प्रमाण शब्द ‘आती’ असा लिहितात, परंतु आन्लो बोलीत ‘ई’पूर्वीचा ‘त’ मऊ पडतो आणि ‘चिमणी’तल्या ‘च’सह ‘आची’ असे ऐकू येते. पाणी या अर्थाचा ‘ची’ हा शब्द अंतर्भागात ‘चावी’तल्या ‘च’ने, तर किनाऱ्यावर ‘चिमणी’तल्या ‘च’ने उच्चारला जातो. मराठीतही ‘चमचा’ आणि ‘चिमटा’ यांतले दोन ‘च’ असेच पुढच्या स्वरावरून वेगळे होतात, आणि म्हणून आन्लोचा हा नियम आपल्याला शिकावा लागत नाही, फक्त आठवावा लागतो.

राजकीय सीमेचा परिणामही लक्षात घ्यावा. १८८४ पासून टोगोलँड जर्मनीच्या ताब्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात वाटले गेले. १९५६ च्या सार्वमतानंतर ब्रिटिश भाग शेजारच्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत सामील झाला आणि १९५७ मध्ये स्वतंत्र घानाचा हिस्सा बनला. एवे समाज असा दोन देशांत विभागला गेल्यामुळे घानातली एवे इंग्रजीतून आणि टोगोतली फ्रेंचमधून शब्द उचलते. टोगोने १९७५ च्या शिक्षणसुधारणेत एवे आणि काबिये या दोन भाषांना शाळेत राष्ट्रीय भाषा म्हणून स्थान दिले. घानात एवे शाळांत शिकवली जाते आणि तिच्यातील पुस्तके घाना भाषा ब्युरो प्रकाशित करतो. माझा सल्ला असा की पहिले वर्ष एकाच बोलीच्या एकाच बोलणाऱ्याचा आवाज कानात मुरू द्यावा, आणि तो आन्लोचा असल्यास छापील पुस्तकाशी मेळ घालणे त्यातल्या त्यात सोपे जाते.

जे ध्वनी फुकट मिळतात

दंत्य ‘द’ आणि मूर्धन्य ‘ड’ हा भेद एवेत अर्थ बदलतो. ‘दा’ म्हणजे साप आणि ‘डा’ म्हणजे केस, किंवा क्रियापद म्हणून शिजवणे. ‘दू’ म्हणजे गाव आणि ‘डू’ म्हणजे खाणे. ‘आदे’ म्हणजे सहा आणि ‘आडे’ म्हणजे कोणी एक. रोमन लेखनात या ‘ड’साठी शेपूट असलेले डी अक्षर वापरतात. ज्यांनी इंग्रजीतून शिकायला सुरुवात केली आहे त्यांची येथे वर्षे जातात. मराठी वाचकाने यावर पाच मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये.

‘चावी’चा ‘च’ आणि ‘जागा’चा ‘ज’ यांविषयीही तेच. एवे मुलांना वारावरून ठेवल्या जाणाऱ्या नावांत सोमवारी जन्मलेल्या मुलाचे नाव ‘कोजो’ असते, आणि त्यातला ‘ज’ मराठी माणूस पहिल्याच प्रयत्नात बरोबर काढतो. फक्त एक सावधगिरी हवी: एवेत ‘ज’ आणि ‘ज़’ हे दोन स्वतंत्र ध्वनी आहेत, आणि आपल्यापैकी अनेक जण ‘जागा’ किंवा ‘जाड’ हे शब्द बोलताना नकळत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहतात. ‘जो’ म्हणजे निघून जाणे. तिथे जीभ दातांमागे क्षणभर पूर्ण टेकली पाहिजे. ‘ज़ॉ’ म्हणजे चालणे. तिथे ती मुळीच टेकता कामा नये.

‘ञ’ आणि ‘ङ’ ही अक्षरे आपण वर्णमालेत पाठ करतो आणि नंतर विसरतो. एवेत त्यांना पूर्ण वेळ काम आहे. ‘ञा’ म्हणजे माहीत असणे. ‘ङ्कॉ’ म्हणजे नाव, ‘ङ्लॉ’ म्हणजे लिहिणे, ‘ङ्दी’ म्हणजे सकाळ आणि सकाळचे अभिवादनही. शब्दाच्या आरंभी ‘ङ’ काढायचा असेल तर ‘रंग’ म्हणायला सुरुवात करावी, ‘ग’ येण्याआधी थांबावे, जिथे थांबलो तिथून ‘रं’ काढून टाकावा आणि उरलेल्या आवाजाने पुढचा शब्द सुरू करावा. पहिल्या दिवशी हास्यास्पद वाटते, आठवड्यात जमते.

जे कमवावे लागतात

मराठी माणसाची खरी परीक्षा ओठांवर होते. एवेमध्ये ‘फ’च्या जातीचे दोन आणि ‘व’च्या जातीचे तीन ध्वनी आहेत. ‘फ़’ आणि ‘व़’ यांत वरचे दात खालच्या ओठाला लागतात. ‘फ’ आणि ‘व्ह’ यांत दातांचा संबंधच नसतो. दोन्ही ओठ जवळ आणून मधल्या फटीतून हवा सोडायची असते. मराठीत हा पहिला ध्वनी शब्दांत नसला तरी कृतीत रोज असतो: दिवा मालवताना आपण जी फुंकर घालतो, ती म्हणजेच एवेचा ‘फ’. त्याच ओठांनी कंठातून आवाज काढला की ‘व्ह’ मिळतो. येथे मराठी ‘फळ’मधला महाप्राण ‘फ’ वापरला, म्हणजे आधी ओठ मिटून मग फट्‌कन उघडले, तर ऐकणाऱ्याला तो ‘प’च वाटेल.

भाषेच्या नावातच सापळा आहे. ‘एव्हे’, दोन ओठांनी, म्हणजे एवे. आणि ‘एव़े’, दात टेकवून, म्हणजे दोन. दोन्ही शब्दांचा सूर सारखाच असल्यामुळे भेद करणारे दुसरे काही उरत नाही. तसेच ‘एफा’ म्हणजे त्याने घासून चकचकीत केले आणि ‘एफ़ा’ म्हणजे ते थंड झाले. जगात दात टेकवून आणि न टेकवता असे दोन्ही प्रकार अर्थभेदासाठी वापरणाऱ्या भाषा फारच थोड्या आहेत, आणि म्हणून ध्वनिशास्त्राच्या अभ्यासात एवेच्या या जोड्या सतत उद्धृत होतात. सरावासाठी आरसा घ्यावा. ‘फ’ आणि ‘व्ह’ म्हणताना दात दिसले तर चूक झाली असे समजावे. हा एवढा एक नियम पुस्तकातल्या सर्व आकृत्यांपेक्षा उपयोगी आहे.

‘क्प’ आणि ‘ग्ब’ हे दुसरे कठीण प्रकरण. लेखनात ती दोन अक्षरे असली तरी ध्वनी एकच आहे: जिभेची मागची बाजू टाळूला आणि दोन्ही ओठ एकमेकांना एकाच वेळी मिटतात आणि एकाच वेळी सुटतात. ‘अकबर’ म्हणताना आपण ‘क’ सोडतो आणि मग ‘ब’ धरतो. ती सवय येथे चालत नाही. ओठ मिटून ठेवावेत, तोंडाच्या आत ‘ग’ म्हणण्याची तयारी करावी आणि मग दोन्ही अडसर एकदम उघडावेत. ‘क्पॉ’ म्हणजे पाहणे, ‘आग्बालेँ’ म्हणजे पुस्तक, ‘आक्पे’ म्हणजे आभार. ‘आक्पे’ दिवसातून अनेकदा म्हणावे लागत असल्याने हा ध्वनी आपोआप घासून निघतो.

‘ख़’ आणि ‘ग़’ उर्दू शब्दांमुळे ओळखीचे असतात, त्यांच्यावर अधिक काही लिहिण्याची गरज नाही. स्वर सात आहेत: आ, ई, ऊ, आणि ए-ओ यांची मिटती व उघडी अशी दोन-दोन रूपे, बहुतेकांची नाकातली जोडीदार रूपेही आहेत. किनाऱ्यावर लिखित ‘ए’ कित्येकदा आपल्या ‘अ’कडे झुकतो, तेवढे ऐकून घ्यावे.

सूर

एवे ही सुरांची भाषा आहे, म्हणजे अक्षर वरच्या पट्टीत म्हटले की खालच्या, यावर अर्थ ठरतो. ‘तो’ या एकाच लेखनाखाली कान, डोंगर, उखळ, रानरेडा असे शब्द गर्दी करून बसलेले आहेत, आणि सूर व संदर्भ मिळून त्यांची वाटणी करतात. पण नुसत्या शब्दांच्या अशा याद्या पाठ करणे मला व्यर्थ वाटते. सुराचे खरे ओझे सर्वनामांवर आहे, आणि तिथे चूक झाली तर वाक्यातला माणूसच बदलतो. वरच्या सुरातला ‘मी’ म्हणजे आम्हाला, खालच्या सुरातला ‘मी’ म्हणजे तुम्हाला. खालच्या सुरातले ‘एयी’ म्हणजे तू गेलास, वरच्या सुरातले ‘एयी’ म्हणजे तो गेला. भविष्यकाळातही हेच: खाली ‘आयी’ म्हणजे तू जाशील, वर ‘आयी’ म्हणजे तो जाईल. प्रमाण लेखनात सुराची चिन्हे सर्वत्र देत नाहीत, परंतु अशा सर्वनामांवर मात्र देतात. छापील मजकुरात जिथे तिरपी रेघ दिसेल तिथे ती शोभेची नाही, हे ध्यानात ठेवावे.

व्यंजनांचाही सुरावर दाब पडतो. ‘द’, ‘ब’, ‘ग्ब’, ‘ज़’, ‘व़’ अशी घोष व्यंजने आपल्यापुढच्या स्वराला खाली ओढतात, त्यामुळे जो शब्द सरळ उंच असायला हवा तो खालून वर चढताना ऐकू येतो. हा चढ वेगळा पाठ करण्याची आवश्यकता नाही. घोष व्यंजन नीट उच्चारले की बराचसा तो आपोआप येतो.

मराठी माणूस सर्वाधिक फसतो ती जागा म्हणजे प्रश्न. आपण ‘गेलास?’ म्हणताना शेवटी आवाज वर नेतो. एवेत पट्टी शब्दाच्या मालकीची असल्यामुळे ती प्रश्नासाठी अशी उसनी घेता येत नाही. त्याऐवजी वाक्याच्या शेवटी ‘आ’ हा अव्यय जोडतात, आणि त्याचा सूर खालचा असतो. म्हणजे एवेमधला प्रश्न खाली उतरून संपतो. ‘एफ़ॉँआ?’, म्हणजे उठलास का, हे सकाळचे नेहमीचे विचारणे आहे. ते म्हणताना शेवटचा ‘आ’ मुद्दाम खाली टाकावा, अगदी प्रश्नाऐवजी विधान केल्यासारखे वाटले तरी. सरावाची उत्तम पद्धत अशी: ध्वनिमुद्रणातले वाक्य आधी शब्द न उच्चारता नुसते गुणगुणावे, चाल पक्की झाली की मगच त्यात शब्द घालावेत.

क्रियापद: न बदलणारे, पण एकटे न राहणारे

एवेच्या क्रियापदाला पुरुष, लिंग, वचन यांपैकी काहीही चिकटत नाही. नामांनाही लिंग नाही. ‘मेयी’ म्हणजे मी गेलो किंवा मी गेले, बोलणारा कोणीही असो. हे मूळ रूप भूतकाळी मानण्याची घाई करू नये: क्रिया दाखवणाऱ्या क्रियापदात ते बहुधा झालेल्या गोष्टीविषयी असते, पण ‘मेञा’ म्हणजे मला माहीत आहे. ‘मायी’ म्हणजे मी जाईन, आणि ‘मेयीना’ म्हणजे मी जात असतो.

चालू काळासाठी ‘ले’ हे असण्याचे क्रियापद येते, आणि येथे एक गंमत आहे. ‘मेले’ म्हणजे मी आहे. ‘मेले ख़ॉ मे’ म्हणजे मी घरात आहे. हे वाक्य मराठी कानाला कसे वाटते त्याकडे दुर्लक्ष करायला शिकावे. ‘मेले यीयीम’ म्हणजे मी जात आहे, ‘मेनॉ यीयीम’ म्हणजे मी जात होतो, आणि ‘मेले यीयी गे’ म्हणजे मी जाण्याच्या बेतात आहे. क्रियापदाला कर्म असले की ते ‘यीयी’सारखे द्विरुक्त होत नाही आणि शब्दांचा क्रम फिरतो. ‘मेडू नू’, म्हणजे मी जेवलो, यात क्रियापद आधी आणि कर्म नंतर आहे. परंतु ‘मेले नू डूम’, म्हणजे मी जेवत आहे, यात कर्म क्रियापदाच्या आधी येते, अगदी मराठीसारखे. म्हणून चालू काळाची वाक्ये आपल्याला लवकर जमतात आणि साधी वाक्ये उशिरा, जे इतर शिकणाऱ्यांच्या अनुभवाच्या उलट आहे.

नकार दोन तुकड्यांनी होतो: क्रियापदाच्या आधी ‘मे’ आणि वाक्याच्या अगदी शेवटी ‘ओ’. ‘कोफी मेयी ओ’ म्हणजे कोफी गेला नाही. ‘मी’ कर्ता असल्यास ‘ञे’ हे रूप येते: ‘ञेमेञा ओ’, म्हणजे मला माहीत नाही. येथला धोका उघड आहे. ‘मेयी’ म्हणजे मी गेलो, तर ‘मेयी ओ’ म्हणजे तो गेला नाही. शेवटचा ‘ओ’ ऐकण्याआधीच उत्तर दिले तर संभाषण भलतीकडे जाते. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सवय एवेत चांगुलपणापेक्षा व्याकरणाची गरज आहे.

‘डू नू’ यातला ‘नू’ म्हणजे वस्तू. एवेत पुष्कळ क्रियापदे असे ठरावीक कर्म घेतल्याखेरीज उभी राहत नाहीत. काम करणे म्हणजे ‘वॉ दॉ’, गाणे म्हणजे ‘जी हा’ (‘हा’ म्हणजे गीत), धावणे म्हणजे ‘फू दू’, पोहणे म्हणजे ‘फू ची’, ज्यात ‘ची’ हे मघाचे पाणीच आहे. म्हणून वहीत क्रियापद एकटे कधीच लिहू नये, जोडीनेच लिहावे. ‘फू’ एकटा टिपून ठेवला तर त्याचा अर्थ धावणे की पोहणे हे महिन्याभराने कोणीच सांगू शकणार नाही.

त्याचप्रमाणे क्रियापदे एकामागे एक ओळीने उभी करण्याची पद्धत आहे. ‘मेडा नू डू’ म्हणजे शब्दशः मी शिजवले वस्तू खाल्ले, अर्थात मी शिजवून खाल्ले. ‘मेचॉ गा ना कोफी’ म्हणजे मी घेतले पैसे दिले कोफी, अर्थात मी कोफीला पैसे दिले. मराठीत अशा वेळी शेवटचे क्रियापद सोडून बाकीच्यांना ‘ऊन’ लावतो. एवेत सगळी क्रियापदे उघडीच राहतात आणि कर्ता एकदाच येतो. भाषांतर करताना मनात ‘ऊन’ घालावा, बोलताना तो काढून टाकावा, आणि दोन क्रियापदांच्या मध्ये ‘आणि’ घालण्याचा मोह टाळावा.

नाम, मालकी आणि जागा

विशेषण नामानंतर, संख्या विशेषणानंतर, आणि निश्चितता व अनेकवचन दाखवणारी चिन्हे सर्वांत शेवटी. ‘आती’ झाड, ‘आतीवो’ झाडे, ‘आती आडे’ कोणते तरी एक झाड, ‘आती गाँ एव़े’ दोन मोठी झाडे, आणि ‘आती गाँ एव़ेआवो’ ती दोन मोठी झाडे.

जागा दाखवण्याची रीत मराठी माणसाला घरची वाटावी. ‘आग्बालेँ ला ले क्प्लॉँ जी’ म्हणजे पुस्तक टेबलावर आहे. ‘जी’ म्हणजे वर, ‘मे’ म्हणजे आत, ‘ते’ म्हणजे खाली, आणि हे सर्व शब्द नामाच्या मागून येतात. फरक इतकाच की नामाचे सामान्यरूप होत नाही.

मालकीच्या बाबतीत भाषा एक रेघ ओढते. ‘कोफी फे ख़ॉ’ म्हणजे कोफीचे घर, आणि माझे घर म्हणजे ‘ञे ख़ॉ’. पण नात्यांमध्ये सर्वनाम मागे चिकटते: ‘फ़ोफ़ोञे’ म्हणजे माझे वडील आणि ‘दादाञे’ म्हणजे माझी आई, हो, एवेत दादा म्हणजे आई. असा भेद करणाऱ्या पुष्कळ भाषांत शरीराचे अवयवही नात्यांच्या बाजूला जातात, कारण अवयव काही विकत घेता येत नाहीत. एवेत मात्र डोके घराच्या रांगेत बसते: ‘ञे ता’, माझे डोके.

आणि एक सर्वनाम असे आहे ज्यामुळे भाषाशास्त्रात एवेचे नाव झाले. ‘कोफी बे एजो’ म्हणजे कोफी म्हणाला की तो गेला, आणि हा ‘तो’ कोफीव्यतिरिक्त दुसरा कोणी आहे. ‘कोफी बे येजो’ म्हटले तर गेलेला माणूस खुद्द कोफीच. हा ‘ये’ ज्याचे बोलणे किंवा मनातले आपण सांगत आहोत, त्याच्याकडेच बोट दाखवतो. इंग्रजी पुस्तके याची अपूर्वाई सांगताना थकत नाहीत, पण ‘आपण उद्या येणार नाही, असे त्याने कळवले’ या वाक्यातला आपला ‘आपण’ नेमके हेच काम करतो. जुन्या पत्रव्यवहारात आणि वृत्तपत्री मराठीत तो आजही आढळतो. ‘ये’ कुठे वापरावा असा प्रश्न पडला की त्या जागी हा ‘आपण’ बसतो का ते तपासावे; बसला, तर ‘ये’ बहुधा बरोबर असतो.

आदरार्थी अनेकवचन मात्र शोधू नये. एका माणसाला एकवचनच वापरतात, मग तो वडीलधारा असो वा लहान. आदर संबोधनातून व्यक्त होतो: ‘आफेतॉ’ हा शब्द ‘आफे’ म्हणजे घर आणि ‘तॉ’ म्हणजे धनी यांपासून बनला आहे आणि महाशय या अर्थी चालतो. विनंती करताना ‘मेडे कूकू’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ मी टोपी काढतो.

चालण्याचे प्रकार

शब्दसंग्रह वाढवताना ध्वनिचित्रदर्शक शब्दांकडे, म्हणजे आपल्या तुरुतुरु, लगबग, डुलतडुलत यांच्या भाऊबंदांकडे, शक्य तितक्या लवकर वळावे. ‘ज़ॉ’, म्हणजे चालणे, या एका क्रियापदाला जोडून येणारे असे तीसहून अधिक शब्द वेस्टरमान यांनी नोंदवले आहेत. स्थूल माणसाचे जड पावलांनी चालणे ‘ज़ॉ बोहोबोहो’, लांब तंगड्या पुढे टाकत चालणे ‘ज़ॉ बियाबिया’, आणि अशक्त माणसाचे पाय ओढत चालणे ‘ज़ॉ बेहेबेहे’. युरोपीय वाचकांना ही यादी अजब वाटली आणि काहींनी तिच्यावरून आफ्रिकी मनाविषयी मोठमोठी अनुमानेही काढली. ज्याच्या भाषेत पाऊस रिमझिम, भुरभुर आणि धो धो अशा तऱ्हांनी पडतो, त्याला असल्या अनुमानांची गरज वाटणार नाही.

या शब्दांत सुरालाही स्वतःचे काम आहे. मोठ्या, जड वस्तूंसाठी खालचा सूर आणि लहान, चपळ वस्तूंसाठी वरचा सूर, असा कल वेस्टरमान यांनी दाखवून दिला. मराठीत आपण हेच व्यंजने बदलून करतो: उंदीर तुरुतुरु पळतो आणि हत्ती धबधब चालतो. म्हणून सुरांचा सराव नीरस वाटू लागला की व्याकरणाची उदाहरणे सोडून हे शब्द घ्यावेत. त्यांत सूर पाठ करावा लागत नाही, चित्र डोळ्यांसमोर आले की तो ओठांवर येतो.

लिहिणे आणि शोधणे

एवेच्या विशेष अक्षरांना आज जे रूप आहे त्यामागेही वेस्टरमान यांचा हात आहे. आफ्रिकी भाषा व संस्कृती यांसाठी १९२६ मध्ये लंडनला जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली तिचे ते एक संचालक होते, आणि तिने पुढे जी आफ्रिका वर्णमाला सुचवली तिच्यात शेपटीचा डी, दोन ओठांच्या ‘फ’साठी लांब आकड्याचा एफ, दोन ओठांच्या ‘व्ह’साठी वळणदार व्ही, आणि ‘ङ’साठी शेपटीचा एन ही अक्षरे होती.

संगणकावर काम करताना आफ्रिकी भाषांसाठीचा कळफलक पहिल्याच दिवशी बसवून घ्यावा. शेपटीच्या डीचे मोठे रूप दिसायला क्रोएशियन आणि आइसलँडिक भाषांतल्या आडव्या रेघेच्या डीसारखेच असते, मात्र युनिकोडमध्ये ही तीन वेगवेगळी अक्षरे आहेत. चुकीचे अक्षर टाइप केले तर डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो आणि शब्दकोशात तो सापडत नाही. शोध फसला की शब्द नाही असे मानण्यापूर्वी तेच अक्षर छोट्या रूपात टाइप करून पाहावे, कारण छोट्या रूपांत फरक डोळ्यांना दिसतो. उलट, घानातले लोक मोबाइलवर एकमेकांना लिहिताना विशेष अक्षरे बहुधा टाळतात: उघड्या ‘ए’साठी तीनचा इंग्रजी आकडा, उघड्या ‘ऑ’साठी बंद करणारा कंस, आणि ‘ड’साठी साधा डी. असा संदेश आला तर साध्या डीच्या प्रत्येक जागी ‘द’ आणि ‘ड’ दोन्ही लावून पाहावेत. साप आला असे कोणी कळवले आहे, की केसांविषयी काही म्हटले आहे, हे ठरवण्याचा तेवढा एकच मार्ग उरतो.